वारा पडला त्या रात्री

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. आवारात जुनी विमानं उघड्यावर मांडलेली आहेत. गर्दी सगळी सुपर कॉन्स्टेलेशनच्या अजस्र पंखांखाली, फोटोसाठी. त्यामानानं सी हॅरियर ठेंगणं, आखूड पंखांचं, गालफडं फुगलेलं. पण जवळ गेलं की त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तोट्या दिसतात आणि लहान मुलं तिथेच खिळून राहतात. इंजिनाचा झोत या तोट्यांतून बाहेर पडतो, आणि त्या फिरवता येतात. मागे वळवल्या की विमान पुढे धावतं, खाली वळवल्या की जागच्या जागी तरंगतं.

"बाबा, हे सरळ वर उडायचं?"

"उतरायचं सरळ खाली. उडताना मात्र बोटीवर थोडं पळायचं. बॉम्ब आणि तेल घेऊन सरळ वर जाण्याएवढी ताकद कुठून आणणार?"

वडिलांचं उत्तर बरोबर होतं. १९८२ सालचं एक युद्ध कसं जिंकलं गेलं, याचा बराचसा उलगडा त्या उत्तरात आहे.

गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरची 'व्हाइट टायगर्स' ही तुकडी २०१६ पर्यंत सी हॅरियर उडवत होती. या विमानांचं समुद्रातलं घर म्हणजे विराट ही विमानवाहू नौका. १९८७ मध्ये भारतीय नौदलात दाखल होण्याआधी ती ब्रिटनची 'हर्मिस' होती, आणि १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडून फॉकलंड बेटं परत घ्यायला निघालेल्या ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौकाही तीच होती.

दोघांचंच युद्ध

'जर-तर' हा विषय दिला की मराठी मन आधी पानिपतावर जातं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ती गोळी चाटून जाते आणि पुढचा हिंदुस्थान वेगळाच घडतो. पण पानिपतावर नजीबखान, शुजाउद्दौला, आधी सोबत आलेला आणि मग बाजूला झालेला सूरजमल, असे अनेक हात गुंतले होते. जर-तरचा कस लावायचा तर युद्ध दोघांचंच असावं, आटोपशीर असावं आणि कुठला बॉम्ब कुठे पडला याची नोंद असावी. फॉकलंडचं युद्ध असं आहे. २ एप्रिल ते १४ जून १९८२. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जण मेले, बेटावरच्या तीन बायका मेल्या.

दोघांचंच, म्हणजे लढले दोघंच. अमेरिकेनं ब्रिटनला साइडविंडर क्षेपणास्त्रं दिली, फ्रान्सनं अर्जेंटिनाची उरलेली एक्झोसेट अडवून ठेवली, पेरूनं अर्जेंटिनाला लढाऊ विमानं पाठवली. पण रणात तिसरं कुणी उतरलं नाही.

ठिणगी पडली ती भंगारावरून. दक्षिण जॉर्जिया या बर्फाळ बेटावर देवमाशांच्या शिकारीची ओस पडलेली ठाणी होती. ती मोडून लोखंड विकण्याचा ठेका अर्जेंटिनाच्या एका व्यापाऱ्यानं घेतला होता. १९ मार्च १९८२ ला त्याचे कामगार तिथे उतरले आणि त्यांनी आपल्या देशाचा झेंडा लावला. लंडन आणि ब्युनोस आयरिसमध्ये खलिते सुरू झाले, आणि जनरल गाल्तिएरी यांच्या लष्करी राजवटीनं फॉकलंडवर उतरण्याचा बेत पुढे ओढला.

तो पुढे का ओढला, हे ब्युनोस आयरिसच्या रस्त्यावर दिसत होतं. ३० मार्चला कामगार संघटनांनी राजवटीविरुद्ध मोर्चा काढला आणि पोलिसांनी तो निर्दयपणे फोडला. तीन दिवसांनी सैन्य बेटांवर उतरलं, आणि त्याच शहरातल्या प्लासा दे मायो चौकात लोक जल्लोष करत जमले. अर्जेंटिनात या बेटांना माल्विनास म्हणतात. ती आपली आहेत हे तिथलं मूल शाळेतच शिकतं. राजवटीला शिव्या घालणारा माणूसही त्या दिवशी झेंडा घेऊन बाहेर पडला, यात नवल वाटण्याजोगं काही नाही.

१ मेची रात्र

अर्जेंटिनाकडे एक विमानवाहू नौका होती, 'व्हेइंतिसिंको दे मायो', म्हणजे '२५ मे'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं ज्या आराखड्यावरून हलक्या विमानवाहू नौकांची फळी बांधायला घेतली, त्याच घराण्यातली. आपली पहिली विक्रांतही त्याच घराण्यातली. २००१ ते २०१२ या काळात संग्रहालय झालेली विक्रांत ज्यांनी मुंबईत पाहिली, त्यांना तिचा आकार आठवत असेल. जेट विमानांच्या मानानं तिचा डेक आखूडच.

अशा डेकवरून जेट उडवायला वाफेचा कॅटापल्ट लागतो. विमान पट्ट्याला अडकवायचं आणि वाफेच्या जोरानं पुढे फेकायचं. तेवढ्यानंही भागत नाही. नौका वाऱ्याच्या तोंडी पूर्ण वेगानं धावली पाहिजे, म्हणजे समोरून येणारा वारा पंखांना उचलून धरतो. नौकेचा वेग अधिक वाऱ्याचा वेग, या बेरजेवर विमानानं किती बॉम्ब आणि किती इंधन घ्यायचं ते ठरतं.

१ मेच्या संध्याकाळी अर्जेंटिनाच्या टेहळणी विमानाला ब्रिटिश ताफा सापडला. पहाटे स्कायहॉक विमानांनी हल्ला करायचा असं ठरलं. एकीकडून विमानवाहू नौका, दुसरीकडून 'जनरल बेल्ग्रानो' ही क्रूझर, मधे ब्रिटिश ताफा.

आणि त्या रात्री वारा पडला. दक्षिण अटलांटिक बारा महिने घोंघावणाऱ्या वाऱ्यासाठी बदनाम आहे, तिथे समुद्र निपचित पडला. म्हाताऱ्या नौकेची यंत्रं काही केल्या पुरेसा वेग देईनात. बॉम्ब कमी करून विमानं पाठवता आली असती, पण मग हल्ल्याला अर्थ उरला नसता. हल्ला आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला. दुसऱ्याच दिवशी, २ मेला, ब्रिटिश पाणबुडी 'कॉन्करर'नं बेल्ग्रानो बुडवली. ३२३ जण गेले, अर्जेंटिनाच्या साऱ्या युद्धातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे. त्यानंतर अर्जेंटिनाचं नौदल किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात परतलं आणि विमानवाहू नौका पुन्हा लढाईत आली नाही.

या युद्धातल्या सगळ्या जर-तरांत सर्वांत वजनदार हाच. ब्रिटनकडे सुरुवातीला सी हॅरियर होती फक्त २०. हर्मिसवर १२, इन्व्हिन्सिबलवर ८. दोहोंपैकी एक नौका जरी निकामी झाली असती, तरी आकाशातलं छत्र फाटलं असतं, आणि त्या छत्राशिवाय कुठला सेनापती तीन-चार हजार सैनिक उघड्या किनाऱ्यावर उतरवणार?

हर्मिसला मात्र वाऱ्याचं एवढं ओझं नव्हतं. तिच्या डेकच्या टोकाला १२ अंशांचा चढ बांधलेला होता. तोट्या मागे वळवून सी हॅरियर धावायचं, चढावरून हवेत फेकलं जायचं आणि मग तोट्या थोड्या खाली वळवून स्वतःला सावरायचं. कॅटापल्ट नको, वाऱ्याची विनवणी नको. विराट झाल्यावरही तो चढ तिच्या नाकावर होता. मुंबईच्या नौदल गोदीत ती नांगरलेली असताना तो लांबूनही ओळखू यायचा.

फ्यूजमधलं चक्र

ब्रिटिश सैन्य २१ मेला सान कार्लोसच्या खाडीत उतरलं. पुढचे काही दिवस अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी दाखवलेल्या हिमतीला शत्रूनंही सलाम केला. दक्षिणेतल्या रिओ ग्रांदेसारख्या तळांवरून सातशे किलोमीटर समुद्र ओलांडायचा. डॅगर आणि मिराज विमानांना हवेत इंधन घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे बेटांवर पोचल्यावर हाती मोजकी मिनिटं. हवेत इंधन देणारी विमानं सगळी मिळून दोन.

ब्रिटिश नौकांवर सी डार्ट क्षेपणास्त्रं होती. उंचावरून येणारं विमान ती टिपायची, म्हणून वैमानिक लाटांना चाटत यायचे आणि डोलकाठ्यांच्या उंचीवरून बॉम्ब सोडून निघून जायचे. बॉम्ब नौकेवर आदळायचा, पोलाद फाडून आत घुसायचा आणि तसाच पडून राहायचा.

कारण साधं होतं. विमानातून सुटल्या सुटल्या बॉम्ब फुटला तर आपलंच विमान उडेल, म्हणून फ्यूज थोडा वेळ झोपलेला ठेवतात. पडताना हवेनं त्यातलं छोटं चक्र फिरतं, ठरावीक फेरे झाले की मगच फ्यूज जागा होतो. इतक्या खालून सोडलेल्या बॉम्बला ते फेरे पुरे करायला वेळच मिळत नव्हता. म्हणजे सी डार्टनं विमानं थोडीच पाडली, पण विमानांना खाली दाबून बॉम्ब निकामी करण्याचं मोठं काम तिनं केलं. हे कुठल्या योजनेत नव्हतं.

'अँट्रिम'मध्ये असा बॉम्ब अडकला. 'आर्गोनॉट'मध्ये दोन. 'ग्लास्गो'च्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला. 'प्लिमथ'वर चार आदळले आणि एकही फुटला नाही. 'अँटिलोप'मध्ये दोन बॉम्ब तसेच अडकले होते. त्यातला एक निकामी करताना फुटला, करणारा जवान जागीच गेला आणि नौका मोडून बुडाली. न फुटलेले बॉम्ब डझनाच्या वर होते. ते निम्मे जरी फुटले असते तरी खाडीतली ब्रिटिश फळी कोलमडली असती. बॉम्ब का फुटत नाहीत याची चर्चा युद्ध चालू असताना लंडनहून प्रसारित झाली, तेव्हा ताफ्याचे प्रमुख रिअर अॅडमिरल वुडवर्ड संतापले होते, ते त्यामुळेच.

पाण्याखालीही तीच गत. अर्जेंटिनाची 'सान लुइस' ही जर्मन बनावटीची २०९ जातीची पाणबुडी ब्रिटिश ताफ्याच्या आसपास वावरत होती आणि तिला कुणी शोधू शकलं नाही. पण नेम धरणारा संगणक बिघडलेला, टॉर्पेडोला वाट दाखवणारी तार तुटायची. तिनं हल्ले केले, लागला एकही नाही. तिच्या धास्तीनं ब्रिटिशांनी पाण्यातल्या संशयित आवाजांवर दारूगोळा ओतला. त्यात देवमासेही मेले. याच २०९ जातीच्या पाणबुड्यांसाठी भारतानं डिसेंबर १९८१ मध्ये करार केला होता आणि त्यांपैकी शल्की आणि शंकुल मुंबईत माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. चांगली पाणबुडी विकत घेता येते. तिची यंत्रणा तयारीत ठेवणारी माणसं आणि सुटे भाग घरचे लागतात. सान लुइसकडे नेमके तेच नव्हते.

काही महिने थांबले असते तर

१९८१ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी नौदलावर कात्री चालवली होती. इन्व्हिन्सिबल ऑस्ट्रेलियाला विकण्याचा सौदा फेब्रुवारी १९८२ मध्ये ठरला होता. हर्मिसला निवृत्त करायचं होतं. दक्षिण अटलांटिकमधलं एकमेव गस्तीजहाज 'एंड्युरन्स' परत बोलवायचं होतं. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.

अर्जेंटिनानंही फ्रान्सकडे १४ सुपर एतंदार विमानं मागवली होती. युद्ध पेटलं तेव्हा हातात होती पाच, आणि विमानातून सोडायची एक्झोसेट क्षेपणास्त्रंही पाचच. त्या पाचांनी 'शेफील्ड' आणि 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश नौका संपवल्या. थोडं थांबून ती दुप्पट झाली असती तर? शिवाय जूननंतर तिथे कडक हिवाळा.

तरी या 'तर'ला मर्यादा आहे. 'इलस्ट्रियस' ही नवी विमानवाहू नौका ब्रिटनमध्ये पूर्ण होत आली होती. आणि अटलांटिक कन्व्हेयरबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टर बुडाली तेव्हा ब्रिटिश सैनिक पाठीवर ओझी घेऊन दलदलीतून चालत बेटांच्या राजधानीकडे, स्टॅन्लीकडे निघाले, मोहीम थांबली नाही. उलट अर्जेंटिनाच्या चुका क्षेपणास्त्रांनी भरून निघणाऱ्या नव्हत्या. स्टॅन्लीची धावपट्टी जेट विमानांसाठी वाढवली नाही. डोंगरात लढणाऱ्या सर्वांत तयार तुकड्या चिलीच्या भीतीनं मुख्य भूमीवर ठेवल्या आणि बेटांवर पाठवली सक्तीच्या भरतीतली पोरं, बरीचशी उबदार उत्तरेकडून आलेली. बेटांवरचे अर्जेंटिनाचे सेनापती जनरल मेनेंदेस स्टॅन्लीभोवतीच्या टेकड्यांत वाट पाहत बसले. ब्रिटिश उतरत असताना, पाय रोवण्याआधी, जमिनीवरून जोराचा हल्ला झालाच नाही.

तोट्या, चढ, फ्यूज यांनी लढाईचे दिवस ठरवले. अर्जेंटिनाची हार मात्र अनेक वर्षं पिकत होती. स्वतःच्याच नागरिकांवर बंदूक धरण्याची सवय झालेलं सैन्य दुसऱ्या सैन्याशी लढण्याची सवय विसरतं.

जिंकले असते तर

बहुतेक जर-तर नौका आणि विमानं मोजून थांबतात. खरा प्रश्न ब्युनोस आयरिसमध्ये होता.

१९७६ च्या उठावानंतर राजवटीनं हजारो माणसं उचलली आणि गायब केली. पुढे सरकारी आयोगानं ८,९६१ प्रकरणांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. १९७७ पासून बेपत्ता मुलांच्या आया पांढरे रुमाल बांधून प्लासा दे मायोमध्ये फेऱ्या घालत होत्या. अल्फ्रेदो आस्तिस हा नौदलातला देखणा तरुण अधिकारी खोट्या नावानं, बेपत्ता भावाला शोधतोय असं सांगत त्यांच्यात मिसळला. डिसेंबर १९७७ मध्ये त्यानं दाखवून दिलेल्या बायका उचलल्या गेल्या. त्यात या चळवळीच्या संस्थापक असुसेना व्हियाफ्लोर होत्या, दोन फ्रेंच जोगिणीही होत्या.

हाच आस्तिस एप्रिल १९८२ मध्ये दक्षिण जॉर्जियात, त्या भंगाराच्या ठाण्यावर, सैनिकांच्या तुकडीचा प्रमुख होता. फारसं न लढता त्यानं ब्रिटिशांपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. बेटं अर्जेंटिनाकडे राहिली असती तर तो विजयी वीर म्हणून परतला असता. घडलं ते वेगळं. १४ जूनला शरणागती आली, तीन-चार दिवसांत गाल्तिएरी गेले, ऑक्टोबर १९८३ मध्ये निवडणूक झाली, १९८५ मध्ये राजवटीच्या सेनानींवर उघड न्यायालयात खटला चालला. आस्तिसला जन्मठेप व्हायला मात्र २०११ उजाडलं.

राजवट तशीही टिकली नसती, असं म्हणणारे आहेत, आणि महागाई व कर्ज पाहता त्यात तथ्य आहे. पण टिकणं वेगळं आणि कशा रीतीनं जाणं वेगळं. जिंकलेले सेनापती गेले असते तरी सन्मानानं, स्वतःला माफीचे कायदे करून गेले असते. शेजारच्या चिलीत पिनोशे सत्तेवरून उतरल्यावरही आठ वर्षं लष्करप्रमुख राहिले, हे डोळ्यांसमोर आहे.

ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांचं काय झालं असतं? बेकारी तीस लाखांवर गेलेली, परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन यांनी युद्धाच्या चौथ्या दिवशीच राजीनामा दिलेला. पराभव झाला असता तर थॅचर टिकल्या नसत्या, एवढं म्हणता येतं. १९८३ चा त्यांचा प्रचंड विजय केवळ युद्धामुळे होता की सावरत्या अर्थव्यवस्थेमुळेही, यावर अभ्यासक आजही भांडतात.

भाडेकरारानं परत

न घडलेल्या गोष्टींतली सर्वांत जवळची गोष्ट युद्धाशिवायची आहे. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी दळणवळणाचा करार केला होता. त्यानंतर अर्जेंटिनाच्या हवाई दलाची विमानसेवा स्टॅन्लीला यायची, अर्जेंटिनाची सरकारी कंपनी इंधन पुरवायची, बेटावरचे आजारी लोक मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात जायचे. १९८० मध्ये ब्रिटनचे मंत्री निकोलस रिडली यांनी बेटांवर जाऊन तोडगा मांडला. मालकी अर्जेंटिनाला द्यायची आणि बेटं दीर्घ भाड्यानं परत घ्यायची. अठराशे बेटकऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांची हुर्यो उडवली आणि २ डिसेंबरला लंडनच्या संसदेत सर्व पक्षांच्या खासदारांनी त्यांना फाडून खाल्लं. प्रस्ताव तिथेच संपला. तो मान्य झाला असता तर नऊशे माणसं वाचली असती. पण बेपत्तांच्या आयांवर पाळत ठेवणाऱ्या राजवटीच्या हाती आपली मालकी द्यायला बेटावरच्या मेंढपाळानं का तयार व्हावं, याचंही उत्तर तितकंच सरळ आहे.

आता ते दार बंदच आहे. १९८५ मध्ये माउंट प्लेझंटला लांब धावपट्टीचा हवाई तळ उभा राहिला. मासेमारीच्या परवान्यांनी बेटं श्रीमंत झाली. २०१३ च्या सार्वमतात ब्रिटनसोबत राहायला १,५१३ जणांनी होकार दिला, तिघांनी नकार.

हर्मिसचं शेवटचं जर-तर कोकणातलं आहे. विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. पुढच्या वर्षी महाराष्ट्र मंत्रिमंडळानं ८५२ कोटींचा बेत मंजूर केला, की ती सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय म्हणून रोवायची. निवतीच्या किल्ल्यावर उभं राहिलं की समोर दीपगृहाचे खडक दिसतात. बेत कागदावर राहिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये विराटला ओढून अलंगच्या भंगार किनाऱ्यावर नेलं. फॉकलंडला गेलेली आणि आपल्याकडे तीस वर्षं राबलेली ही नौका वाचवायला हवी होती.

डार्विनची थडगी

पूर्व फॉकलंडवर डार्विन इथे अर्जेंटिनाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. युद्धानंतर त्यांतल्या शंभरहून अधिक थडग्यांवर नावच नव्हतं. 'देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक' एवढीच पाटी. बऱ्याच पोरांच्या गळ्यात ओळखीचे बिल्लेही नव्हते.

अर्जेंटिनात लोकशाही आल्यावर, १९८४ मध्ये, बेपत्तांची हाडं ओळखण्यासाठी तरुण मानवशास्त्रज्ञांचं एक पथक तयार झालं. आस्तिसनं धरून दिलेल्या असुसेना व्हियाफ्लोर यांचे अवशेष २००५ मध्ये याच पथकानं ओळखले. राजवट जिंकली असती तर हे पथक जन्माला आलं असतं का, याची शंकाच आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं ब्रिटन आणि अर्जेंटिना या दोघांच्या संमतीनं डार्विनची थडगी उघडली, तेव्हा डीएनए तपासणी याच पथकाच्या कोर्दोबातल्या प्रयोगशाळेत झाली. वर्ष संपायच्या आत १२२ पैकी ८८ जणांची ओळख पटली. मार्च २०१८ मध्ये त्यांचे नातेवाईक विमानानं बेटांवर गेले. २०२१ मध्ये तज्ज्ञ पुन्हा गेले आणि आणखी काही जणांची नावं सापडली.